विश्लेषण : पगाराचा दहावा हिस्सा आधी बाजूला… ‘दशांश’ म्हणजे नेमके काय? तो कोण, किती आणि कसा देतो?

महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार खात्यात जमा होतो. पाठोपाठ गृहकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, एसआयपी अशा रकमा आपोआप वळत्या होतात आणि उरलेल्या पैशांत महिना काढायचा असतो. या वजावटींच्याही आधी आणखी एक रक्कम बाजूला काढणारी माणसे जगभर आहेत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे ४० हजार रुपये पगार असेल तर ४ हजार रुपये, ते देवाच्या किंवा गरजूंच्या नावे ठेवतात. मराठी चर्चमध्ये याला ‘दशांश’ किंवा ‘दशमांश’ म्हणतात, शिखांमध्ये ‘दसवंध’. यासाठी सरकारी नियम नाही आणि बहुतेक ठिकाणी तपासायलाही कोणी येत नाही. मग माणसे हा हिशेब इतक्या काटेकोरपणे का ठेवतात? कर्ज असेल, घरात आजारपण असेल तरी तो द्यायचा का? आणि दिलेले खरेच ‘दुप्पट होऊन’ परत येते का?

दशांशाची सुरुवात कुठून झाली?

उत्पन्नाचा ठरावीक भाग देवळाला किंवा राजाला देण्याची पद्धत प्राचीन पश्चिम आशियात अनेक ठिकाणी होती. आज दशांश म्हणून जे ओळखले जाते त्याचे मूळ ज्यूंच्या धर्मग्रंथांत, म्हणजेच ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम लढाईतून परतताना मलकीसदेक या याजक-राजाला लुटीचा दहावा भाग देतो. पुढे याकोब प्रवासात असताना, आपण सुखरूप परतलो तर मिळेल त्याचा दहावा भाग देईन, असा नवस करतो.

नंतरच्या नियमांत याला व्यवस्थेचे रूप आले. इस्रायलच्या बारा वंशांमध्ये जमिनीची वाटणी झाली तेव्हा देवळातील सेवा करणाऱ्या लेवी वंशाला शेतजमीन मिळाली नाही. त्यांचा चरितार्थ इतरांच्या धान्याच्या आणि जनावरांच्या दहाव्या भागावर चालायचा. लेवींनाही सूट नव्हती. मिळालेल्या दशांशाचा दहावा भाग त्यांनी याजकांना द्यायचा होता.

अनुवादाच्या पुस्तकात मात्र वेगळेच चित्र दिसते. तिथे शेतकऱ्याने दहावा भाग घेऊन पवित्र स्थळी जायचे आणि कुटुंबासह तो तिथेच आनंदाने खायचा, असे सांगितले आहे. अंतर लांब असेल तर धान्य विकून चांदी न्यायची आणि तिथे गेल्यावर हवे ते विकत घ्यायचे. दर तिसऱ्या वर्षी मात्र हा भाग गावातच ठेवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा.

ज्यू विद्वानांनी हे सगळे नियम एकत्र जुळवले. शंभर पोती धान्य झाले, तर याजकांचा छोटा वाटा सोडून पहिली दहा पोती लेवींना. उरलेल्या नव्वदचा दहावा भाग, म्हणजे नऊ पोती, सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी यरुशलेमला नेऊन खायची. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी गरिबांना द्यायची. सातव्या वर्षी जमीन पडीक, त्यामुळे दशांश नाही. म्हणजे शेतकरी प्रत्यक्षात १०० पैकी १९ पोती बाजूला काढत होता. पण त्यातला काही भाग त्याच्याच कुटुंबाच्या सणाला लागत होता.

इतर परंपरांमध्ये किती?

दहा टक्के हा आकडा सर्वत्र नाही. इस्लाममध्ये जकात अनिवार्य आहे. ती मासिक कमाईवर नसून वर्षभर हाताशी राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के असते आणि त्यासाठी किमान मर्यादा आहे. भारतीय उपखंडात ती साधारणपणे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम सोने किंवा ६१२ ग्रॅम चांदी इतक्या किमतीची धरली जाते. त्याहून कमी असेल त्याला जकात नाही. शेतमालासाठी ‘उश्र’ हा वेगळा दर आहे. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग आणि विहीर किंवा मोटेचे पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. ज्याला पाण्यासाठी खर्च आणि कष्ट पडले त्याचा दर निम्मा, असा हा हिशेब आहे.

शिखांमध्ये दसवंध म्हणजे दहावा हिस्सा. कष्टाने कमावणे, नामस्मरण आणि वाटून खाणे या गुरू नानकांच्या शिकवणीतील तिसऱ्या सूत्राशी तो जोडलेला आहे. गुरू अर्जनदेवांच्या काळात त्याला व्यवस्थित रूप आले. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबपासून अमृतसरपर्यंतचे लंगर अशा दानावर आणि सेवेवर चालतात. ज्यांच्याकडे पैसा कमी आहे ते वेळेचा दहावा हिस्सा देतात, असेही अनेक शीख मानतात. लंगरमध्ये भांडी घासणे, पोळ्या लाटणे ही त्याचीच रूपे.

हिंदू परंपरेत दानाचा एकच दर नाही. भागवत पुराणात वामनाच्या कथेत शुक्राचार्य बळीराजाला सांगतात, की संपत्तीचे धर्म, कीर्ती, पुन्हा कमाई, स्वतःचे सुख आणि आप्तस्वकीय असे पाच भाग करावेत. हा सल्ला शुक्राचार्य देतात तो बळीला सर्वस्व देऊन टाकण्यापासून थांबवण्यासाठी. बळी तो ऐकत नाही, हा कथेचा पुढचा भाग महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हा विचार मांडला होता. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी अनुयायांना आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. म्हणजे पाच टक्के. समोरचा समाज बहुसंख्येने भूमिहीन आणि मजुरी करणारा होता, तरीही ‘ऐपत येईल तेव्हा द्या’ असे न म्हणता त्यांनी ठरावीक हिस्सा सांगितला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धर्माशी संबंध नसलेल्यांमध्येही ही कल्पना रुजली आहे. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली सुरू झालेल्या ‘गिव्हिंग व्हॉट वुई कॅन’ या संस्थेचे सदस्य आयुष्यभर उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा परिणामकारक कामांसाठी देण्याचे वचन देतात.

ठरावीक हिस्साच का? जमेल तसे दिले तर?

जमेल तसे देण्यात अडचण अशी, की देण्याचा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो. समोर कोण आले, त्या दिवशी मूड कसा होता, खिशात सुट्टे किती होते, यावर तो ठरतो. महिनाअखेरीस उरलेल्यातून द्यायचे म्हटले, तर बहुतेक घरांत काही उरत नाही. ठरावीक टक्का पाळणारे हा निर्णय एकदाच घेतात आणि रक्कम सुरुवातीलाच वेगळी करतात. ‘आधी बचत, मग खर्च’ हा आर्थिक सल्लागारांचा नियम आणि दशांश यांची रचना सारखीच आहे. नव्या करारात पौलाने करिंथच्या मंडळीला प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे काहीतरी बाजूला ठेवावे असे लिहिले, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान होते. मदतीसाठी गोळा करायची रक्कम ऐन वेळी जमवावी लागू नये, असा त्याचा हेतू होता.

टक्केवारीचा दुसरा परिणाम पगारवाढीच्या वेळी दिसतो. ठरावीक रकमेची देणगी वर्षानुवर्षे तीच राहते, टक्का मात्र कमाईबरोबर वाढतो. २० हजार रुपये कमावणाऱ्याला २ हजार देणे जड जाते. दोन लाख कमावणाऱ्याला २० हजारांचा आकडा मोठा दिसतो आणि हात आखडतो. हा व्यवहार धनाबद्दलच्या आसक्तीची परीक्षा आहे, असे धर्मगुरू म्हणतात ते यामुळेच. मिळालेले सगळे आपल्या एकट्याच्या कर्तृत्वाचे नाही, याची दर महिन्याला एकदा आठवण करून घेणे हा या साधनेचा गाभा मानला जातो.

ठरावीक हिस्सा उलट्या बाजूनेही मोकळीक देतो. तो दिल्यानंतर उरलेले पैसे अपराधी न वाटता वापरता येतात. ज्यू कायद्यात तर वरची मर्यादाही आहे. उदारपणे देणाऱ्याने पाचव्या भागापेक्षा जास्त देऊ नये, कारण तो स्वतःच उद्या मदत मागण्याच्या स्थितीत येऊ शकतो.

एकूण पगारावर की हातात येणाऱ्या पगारावर?

दशांश देणाऱ्यांमध्ये सर्वाधिक चर्चा होणारा हा प्रश्न आहे. समजा, महाराष्ट्रातील एका कर्मचाऱ्याचा एकूण पगार महिना ५० हजार रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा होऊन ४८ हजार हातात येतात. एकूण पगारावर दशांश ५ हजार, हातातल्या पगारावर ४,८००. फरक २०० रुपयांचा. पगार वाढून आयकर कापला जाऊ लागला की फरकही वाढतो.

याचे सर्वमान्य उत्तर नाही. ‘पहिले फळ देवाचे’ या तत्त्वावर काही ख्रिस्ती कुटुंबे एकूण पगार धरतात. कर कधी आपल्या हातात आलाच नाही म्हणून बरेच जण तो वगळतात. ‘मासेर कसाफिम’ म्हणजे पैशांचा दशांश पाळणाऱ्या ज्यूंमध्ये, कमाई करण्यासाठी लागलेला खर्च वजा करायचा, घरखर्च नाही, असा साधारण संकेत आहे. भाजी विक्रेत्याचा दिवसाचा गल्ला ३ हजार असेल, त्यात मालाची खरेदी २,४०० आणि टेम्पोचे भाडे १०० असेल, तर कमाई ५०० आणि दशांश ५० रुपये. गल्ल्यावर हिशेब धरला तर ३०० द्यावे लागतील आणि धंदाच बसेल.

भविष्य निर्वाह निधीचे काय, हा पुढचा प्रश्न. काही जण एकूण पगारावर आजच देतात आणि निवृत्तीनंतर फक्त व्याजाचा हिशेब करतात. काही जण रक्कम हातात येईल तेव्हा देतात. दोन्ही पद्धती चालतात. एकच गोष्ट टाळायची असते, ती म्हणजे सोयीप्रमाणे दर महिन्याला पद्धत बदलणे.

घरात कर्ज किंवा आजारपण असेल तर?

खरी ओढाताण इथे होते. आई-वडिलांची औषधे, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता भागवताना दशांश आधी काढायचा, तर घरातल्या माणसाची गरज मागे पडते. न काढावा, तर देवाचे देणे बुडवल्याची बोच लागते.

या प्रश्नावर मूळ ग्रंथ बऱ्याचदा व्यासपीठावरील वक्त्यांपेक्षा नरम आहेत. मार्काच्या शुभवर्तमानात येशू ‘कुर्बान’ या प्रथेवर टीका करतो. आपली मालमत्ता देवाला वाहिली आहे असे जाहीर करून लोक आई-वडिलांना मदत नाकारत, आणि येशूच्या मते ही आज्ञेची पायमल्ली होती. ज्यू कायद्यात स्वतःच्या चरितार्थाला पुरेसे नसणाऱ्यावर दशांशाचे ओझे नाही. मदतीच्या क्रमात जवळचे नातलग आधी, मग आपल्या गावचे गरीब आणि मग बाहेरचे. जकातीत किमान मर्यादेखालचा माणूस देणारा नसतो, तर घेण्यास पात्र ठरू शकतो. कुराणात जकातीचे जे आठ प्रकारचे लाभार्थी सांगितले आहेत, त्यांत कर्जबाजारी माणसाचाही समावेश आहे.

मात्र सगळीकडे अशी सूट नाही. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन चर्चमध्ये, पूर्ण दशांश हा मंदिरात प्रवेशाच्या अटींपैकी एक आहे आणि वर्षअखेरीस सदस्य आपल्या बिशपसमोर तो पूर्ण दिला की नाही हे सांगतो. गरीब सदस्यांनाही ही अट लागू असते. त्यांना अडचण आली तर चर्चच्या वेगळ्या निधीतून मदत केली जाते.

ज्यांच्याकडे रोख पैसा नाही त्यांनीही वाट काढली आहे. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या स्त्रिया दर वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला ठेवतात. तो गोळा करून विकला जातो आणि चर्चच्या कामाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही प्रथा चालत आली आहे. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी चालवलेला ‘मुष्टिफंड’ याच धर्तीचा होता. दळणाआधी घराघरात मूठभर धान्य बाजूला पडायचे. देवाच्या नावे ठेवलेली मूठ तिथे शाळेच्या नावे ठेवली गेली.

दिलेले परत मिळते का?

मलाखीच्या पुस्तकात, सर्व दशांश भांडारात आणा आणि मी आकाशाची कवाडे उघडून आशीर्वाद ओततो की नाही ते पाहा, अशा आशयाचे वचन आहे. काही प्रचारक त्याचा अर्थ ‘गुंतवणूक’ असा लावतात. द्या, म्हणजे नोकरी लागेल, कर्ज फिटेल, आजार बरा होईल. सभांमध्ये आणि यूट्यूबवर अशी आश्वासने सर्रास ऐकू येतात. सर्वाधिक फटका बसतो तो आधीच अडचणीत असलेल्यांना. हप्ता थकवून दिलेल्या पैशांनी काही घडले नाही, तर ‘श्रद्धा कमी पडली’ असे उत्तर मिळते. दोष पुन्हा देणाऱ्याचाच.

त्याच पुस्तकात आधी याजकांना खडसावले आहे, कारण ते देवापुढे आजारी आणि लंगडी जनावरे अर्पण करत होते, हा भाग अशा प्रवचनांत क्वचित येतो. नव्या करारात तर दहा टक्क्यांची स्पष्ट आज्ञाच नाही. पौल प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, खंत न बाळगता आणि दबावाविना द्यावे असे सांगतो. पुदिना आणि जिऱ्याचाही दशांश मोजणाऱ्या, पण न्याय आणि दया विसरणाऱ्यांवर येशूने ओढलेले कोरडे प्रसिद्ध आहेत.

विज्ञान काय सांगते? एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना ५ किंवा २० डॉलर देण्यात आले. काहींनी ते स्वतःवर, तर काहींनी दुसऱ्यावर खर्च करायचे होते. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. रक्कम ५ होती की २०, याने फरक पडला नाही. यावरून देण्याने मनाला बरे वाटते एवढे म्हणता येते. पैसा परत येतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

सक्ती झाली तेव्हा काय झाले?

युरोपात आठव्या शतकात शार्लमेनच्या राज्यात दशांश कायद्याने बंधनकारक झाला आणि हळूहळू तो शेतसाऱ्यासारखा झाला. फ्रान्समध्ये १७८९ च्या राज्यक्रांतीत तो रद्द करण्यात आला. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांना दुसऱ्याच, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चला दशांश द्यावा लागे. त्यावरून १८३० च्या दशकात जप्ती आणि रक्तपात झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख आकारणी आली. जर्मनीत आजही चर्चच्या नोंदणीकृत सदस्यांकडून आयकराच्या ८ ते ९ टक्के इतका चर्च कर सरकार वसूल करते. तो नको असल्यास अधिकृतपणे सदस्यत्व सोडावे लागते.

भारतातही वाद झाले. शिखांमध्ये दसवंध गोळा करणारे ‘मसंद’ पुढे भ्रष्ट झाले, तेव्हा गुरू गोविंदसिंगांनी ती व्यवस्थाच मोडीत काढली आणि भाविकांनी भेट थेट आणावी असे सांगितले. मुंबईत खोजा समाजातील काहींनी १८२९ मध्ये आगाखान यांना ‘दसोंद’ देण्यास नकार दिला. मतभेद पुढे वाढत गेले आणि १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी आगाखान यांच्या बाजूने निकाल दिला. मनापासून द्यायचा हिस्सा कोणाचा ‘हक्क’ आहे, हे न्यायालयाला ठरवावे लागले.

कोणाला द्यायचा? करसवलत मिळते का?

अनेक चर्च दशांश स्थानिक मंडळीतच द्यावा, असे सांगतात. काही कुटुंबे अर्धा चर्चला आणि अर्धा परिचित गरजूंना देतात. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला उसने, काम किंवा भागीदारी देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे. त्याखालची म्हणजे देणारा आणि घेणारा एकमेकांना माहीत नसणे.

करसवलतीबाबत गैरसमज बरेच आहेत. ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीतही ती मान्यताप्राप्त संस्थांपुरतीच आहे आणि २ हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला लागू नाही. विशिष्ट धर्मसमुदायापुरत्या काम करणाऱ्या ट्रस्टला दिलेला दशांश सहसा त्यात बसत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसारखे अपवाद आहेत. त्यामुळे पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का, हे देण्याआधी पाहिलेले बरे. जिथे देतो त्या संस्थेचा वार्षिक हिशेब मागणे हा देणाऱ्याचा अधिकार आहे, त्यात अश्रद्धा नाही.

सुरुवात कशी करतात?

नियमित दशांश देणारे काही साध्या गोष्टी पाळतात. पगाराच्या दिवशीच रक्कम वेगळ्या खात्यात वळवतात, म्हणजे ती खर्चाच्या पैशांत मिसळत नाही. थेट दहा टक्के झेपत नसतील तर एक-दोन टक्क्यांपासून सुरुवात करून पगारवाढीबरोबर वाढवतात. क्रेडिट कार्डावर किंवा कर्ज काढून देत नाहीत. नवरा-बायको दोघे मिळून आकडा ठरवतात, कारण एकाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या संसारावर पडू नये. वर्षातून एकदा वही उघडून पैसा कुठे गेला ते पाहतात. एखाद्या महिन्यात नोकरी गेली किंवा रुग्णालयाचे बिल आले, तर थांबतात आणि सावरल्यावर पुन्हा सुरू करतात.